कोवळ्या भेंडीची चाल

इंदिरानगर, मंगळवार, संध्याकाळ

सलग तिसऱ्या दिवशी भेंडी. धर्मशास्त्रात या अपराधाला प्रायश्चित्त सापडत नाही.

आज तर भेंडीनेच घात केला. वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, नाट्यपदांचं पुस्तक छापायला द्यायचंय, म्हणून त्यांची जुनी वही चाळत होतो. अण्णा नाटकांसाठी लिहीत तेव्हा पेटीमास्तर आधी चाल द्यायचे. ती विसरू नये म्हणून कवी तिच्यावर वाटेल ते शब्द बसवायचा. खरं पद मागाहून. अण्णांच्या सर्वांत गाजलेल्या पदाखाली असेच कच्चे शब्द निघाले: 'भेंडी कोवळी, देठ मोडुनी घ्या.' अक्षर आईचं. पण अण्णांच्या पदांच्या नकला तीच उतरवून काढायची, त्यात नवल नाही. शब्द मात्र अण्णांचे? ज्यांना भेंडी आणि गवार यांतला फरक जन्मभर कळला नाही?

"आई, हे पद कुणाचं गं?"

"वर नाव कुणाचं आहे?" ती भेंडी चिरतच राहिली.

"नाव नाही विचारलं मी."

"फार शहाणा झालास संस्कृत शिकून! आहे तसं छाप."

मग बाकीच्या पदांचं काय? संशय एका पदावर थोडाच थांबतो? पण खरी काळजी वेगळीच आहे. आईचं ऐकून अण्णांचंच नाव ठेवणं माझ्या सोयीचं आहे, आणि मी तिचं ऐकेन.