चार आण्यांची बाजू

अमरावती,
रविवार, दि. १९ मार्च १९६१. दुपारचे सव्वातीन. मायसोबत मिरच्यांचे देठ खुडून, हात दोनदा धुऊन बसलो आहे. बोटे अजून झोंबतात.

ती. किसनदादास,
धर्मपालचा सविनय जयभीम.

इकडे सर्व ठीक आहे असे लिहिण्याची रीत आहे, म्हणून लिहिले. माय बरी आहे. गल्लीतला नळ आता एकाच वेळी येतो. परवा मोतीराम अकोल्याहून आला होता. त्याने तुला मालधक्क्यावर रुईच्या गाठी ओढताना पाहिले. म्हणाला, "किसना बोलला नाही, नुसता हात दाखवला." मायने तीनदा विचारले, कोणता हात. मोतीरामला आठवेना.

माझी आधीची दोन पत्रे पोचली असतील. त्यांत मी सामन्याबद्दल काही लिहिले नव्हते. मैदानातले तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. दोरीच्या अलीकडचे ठाऊक नाही. ते आज लिहितो.

सिलोनचा संघ नागपूरहून मुंबईला जाताना एक दिवस इथे उतरणार आणि अमरावतीशी खेळणार हे ठरले, तेव्हा क्लब चालवणाऱ्या जिनमालक बापूसाहेबांनी तिकिटविक्रीला मला ठेवले. मी गोलकीपरचा भाऊ, आणि अक्षर बरे. सामन्याला सहा दिवस उरले तरी खुर्चीची एकोणतीस, बाकाची अठ्ठावन्न आणि उभ्याची, म्हणजे चार आण्यांची, फक्त एकेचाळीस तिकिटे गेली होती. अमरावतीत कुस्ती म्हटले की गर्दी दार मोडते, फुटबॉलला घरी जाऊन बोलवावे लागते.

बापूसाहेब चिडले होते. "घरचं मैदान म्हणजे काय, चुन्याच्या रेघा? घरचा गलका पाहिजे! पाहुण्यांच्या कानात दडे बसले पाहिजेत. दोरीमागे माणूस भर, कसाही भर. तिकिटामागे एक पैसा तुझा."

मी "कसाही" हा शब्द तेवढा धरला. दुसऱ्या दिवशी भातकुलीला गेलो, तिसऱ्या दिवशी दर्यापूरला. आपल्या वस्त्यांत पंचशील झेंड्याजवळ उभा राहून सांगितले की बुद्धाच्या देशातले खेळाडू आपल्या जिल्ह्यात येत आहेत. एवढेच सांगितले. पुढचे लोकांनीच केले. भातकुलीचे डोमाजी काका टोपी काढून म्हणाले, "जनमभर दुसऱ्याच्या लग्नात टाया वाजवल्या आपन. आता आपल्या घरचे पावने येऊन राहिले, अन् चार आन्यासाठी घरी बसावं काय?" त्यांनी एकट्याने अकरा घेतली. तीन दिवसांत तीनशे बारा तिकिटे गेली.

अमरावतीच्या बाजूने ओरडा असे मी त्यांना सांगितले नाही. सांगितले असते तर तिकिटे गेली नसती. अमरावतीच्या जाळ्यात आपल्या बाबांचा, बुधाजीचा, किसन उभा राहणार आहे, हेही सांगितले नाही.

आणि दादा, पाहुण्यांची नावे मीच मराठीत उतरवली होती. फर्नांडो, परेरा, डिसिल्वा. ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासले. मोरोपंत मास्तरांनी यादी वाचून विचारले होते, "धर्मपाल, यात बौद्ध किती रे?" मी म्हणालो, "छापायला गेली, गुरुजी." गेली नव्हती. माझ्या खिशातच होती.

जानेवारीतल्या त्या रविवारी लोक धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत आले. बायाही आल्या. दोरीमागे उभे राहायला जागा उरली नाही, आणि ती दोरी पूर्वेच्या जाळ्यामागे होती. पहिल्या अर्ध्यात तू पलीकडे पश्चिमेला होतास. तू दोन गोल अडवलेस ते इथून लहान दिसले, पण दिसले. बरोबरी होती, एकास एक. मग बाजू बदलल्या आणि तू आमच्यासमोर येऊन पाठमोरा उभा राहिलास. मागून तीनशे माणसे "सिलोन! सिलोन!" करीत होती. खुर्चीकडचे लोक गप्प होते. खुर्चीवरची माणसे ओरडत नाहीत, हे बापूसाहेबांनीही धरले नव्हते.

आता बाबांचे.

बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तुला ठाऊक नव्हते, मलाही अर्धेच ठाऊक होते. माणूस हलताना त्यांना दिसतो, सदऱ्याचा रंग दिसत नाही. बाजू बदलल्या हे त्यांना कुणी सांगितले नाही. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. मी सांगायला हवे होते. मी उरलेली तिकिटे मोजत होतो.

त्यांच्या समजुतीने तू अजून पलीकडेच होतास, आणि चेंडू घेऊन आपल्याकडे धावत येणारा तो पोरगा अमरावतीचा होता. म्हणून ते ओरडले, "मार रे पोट्या, मार! हान!" त्या सगळ्या गलक्यात अमरावतीसाठी ओरडणारे ते एकटेच होते. आणि तू नेमका तोच आवाज ओळखलास. वळून पाहिलेस. चेंडू तुझ्या खांद्यावरून आत गेला.

गोल करणाऱ्याने कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना बोटे लावली. गोदामावशी हार घेऊन उभी होती. म्हणाली, "हा काहून असा खाजवून राहिला?" कुणी हसले नाही. डोमाजी काकांनी माझ्याकडे पाहिले आणि टोपी घातली. मग खुर्चीकडून पहिल्यांदा आवाज आला. "विकला! किसननं स्वतःच्या लोकांना सामना विकला!"

घरी आल्यावर तू एकच विचारलेस, "बाबा, तुमी काहून वरडले?" बाबा म्हणाले, "तुयासाठीच तं वरडलो." तू त्याला टोमणा समजलास. तुझी पेटी उचललीस. तू गल्लीच्या टोकाशी गेलास तेव्हा बाबा मला म्हणाले, "धर्म्या, हा काहून रागावला रे? गोल तं आपनच केला ना?"

तेव्हा मला कळले. मी तुझ्यामागे धावायला हवे होते. मी दारात उभा राहून, त्यांना हे सांगावे की नाही याचा विचार करीत राहिलो. नंतर सांगितले. तेव्हापासून बाबा तुझे नाव निघाले की सदऱ्याची गुंडी लावतात आणि काढतात. मोठ्या दवाखान्यात दाखवले. एका डोळ्याचे आता काही होणार नाही, दुसरा पिकला की पाहू, असे डॉक्टर म्हणाले.

पाचव्या दिवशी मी बापूसाहेबांकडे जाऊन सगळे सांगितले. भातकुली, दर्यापूर, यादी, बाबांचे डोळे. त्यांनी ऐकून घेतले. म्हणाले, "तीनशे बारा? एकट्यानं? शाबास!" मी डोळ्यांचे पुन्हा सांगितले. ते म्हणाले, "खरं असेल. पण मी काय खुर्चीवाल्यांच्या घरोघर जाऊन म्हाताऱ्याचे डोळे दाखवत फिरू? किसन आता क्लबात नको, आमच्या कापसाच्या जिनातही नको. लोक विसरत नाहीत." मग चष्मा पुसत म्हणाले, "वजनकाट्यावर मात्र माणूस लागतो. तुझं अक्षर चांगलं आहे."

मी हो म्हणालो.

आधीच्या दोन पत्रांत मी हेच लिहिले नव्हते. ३० जानेवारीपासून कापसाच्या काट्यावर तुझ्या जागी मी बसतो. वही तीच आहे. तुझी शेवटची ओळ शनिवारची, एकवीस तारखेची. तिच्याखाली एक ओळ कोरी सोडून मी सुरुवात केली. मुनीम रागावला, म्हणाला, कागद फुकट येतो काय.

सोडावे असे रोज वाटते. घरात दुसरा पगार नाही. आणि मी सोडली तर ती जागा तुला मिळेल का, हे मी विचारून घेतले आहे. मिळणार नाही.

हे पत्र तू फाडलेस तरी बाबांपुरता मजकूर आधी वाच. ते तुझ्या बाजूने होते. तीनशे बारा लोकांत तुझ्या बाजूने ते एकटेच होते, मीसुद्धा नव्हतो. ये असे लिहिण्याचा मला अधिकार नाही, म्हणून लिहीत नाही. मायने लिहायला सांगितले होते. तिला मी लिहिले म्हणून सांगेन.

तुझ्या जागेवर बसलेला,
धर्मपाल

हिशेब तुला कळावा म्हणून:
तिकिटांचे कमिशन मिळाले, ३ रु. १२ न. पै.
भातकुली व दर्यापूर, मोटारभाडे जाऊन-येऊन, २ रु. ४० न. पै.
बाबांचे डोळे दाखवले, टांगा धरून, ४ रु. ७५ न. पै.
फेब्रुवारीचा पगार ४५ रु. त्यातून तुला मनिऑर्डर ४० रु., तिचे कमिशन ६० न. पै. दि. १४ रोजी "घेण्यास नकार" असा शेरा पडून परत आली.
किसनदादाचे देणे, ४० रु. वेगळे बांधून ठेवले आहेत.
मार्चचा पगार अजून व्हायचा आहे.