नानांचं पाचवं शील

पिंप्राळा, आषाढ पौर्णिमा, १९८९. संध्याकाळ.

आधी रागच आला. काल बारशाला पिऊन चिखलात पडलेले शेजारचे नाना आज विहारात पहिल्या रांगेत! आणि पंचशीलातलं पाचवं, दारू न पिण्याचं, सगळ्यांत मोठ्या आवाजात. अंगात कालचाच पांढरा सदरा. धुतलेला, पण कोपरावर डाग तसाच.

बाहेर आल्यावर विचारलंच, "नाना, लाज नाही वाटली?"

"वाटनी ना बाई. मी पडनू, म्हनीसनच तं शील परत लिधं."

मिशनच्या दवाखान्यातल्या मार्थाबाईंना हे सांगितलं. वाटलं, हसतील. त्या म्हणाल्या, "आम्हीही चर्चमध्ये आधी 'चुकलो' म्हणतो, मग गातो. न चुकणारेच यायचे असते तर कुलूपच लागलं असतं."

म्हणजे मी इतकी वर्षं शील म्हणजे परीक्षेचा निकाल समजत होते की काय? माणूस पडतो, उठतो, परत शील घेतो. किती सोपं, आणि किती धीराचं!

तो सदरा डोळ्यांपुढून हलत नाही. नाना दुसरा घालू शकले असते.

सकाळी पोरीला चापट मारली होती मी. म्हणून विहारात पहिलं शील, हिंसा न करण्याचं, नुसतं पुटपुटले. शेजारणीलाही ऐकू गेलं नसेल.

नानांचा आवाज मात्र पार दारापर्यंत गेला.