गोड्या विहिरीवरची मोटर काढून नेण्याबाबत

प्रति,
मा. उपअभियंता,
ग्रामीण पाणीयोजना उपविभाग (पूर्णाकाठ),
जि. अमरावती.

अर्जदार : चंद्रभान तुळशीराम गावंडे, वय ७४, धंदा शेती, मु. पिंपळखारी.

विषय : मौजे पिंपळखारी येथील गोड्या विहिरीवरची मोटर काढून नेणेबाबत. (पाणी येत नाही अशी तक्रार नाही. पाणी येते, हीच तक्रार आहे.)

संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज.

महोदय,

अर्जदाराच्या सांगण्यावरून हा अर्ज कचेरीसमोर बसणारी अर्जलेखनिक बेबीताई लिहीत आहे. मजकूर अर्जदाराचा आहे. कुठे शब्द तिखट झाला असल्यास तो लिहिणारीचा समजावा.

१. पिंपळखारी हे गाव खारपाणपट्ट्यात येते. शिवारात कुठेही खणा, पाणी खारेच लागते. त्यात डाळ शिजत नाही आणि चहा केला तर दूध फाटते. फक्त ओढ्याच्या वळणावरची एक विहीर गोडी आहे. तीही पूर्ण नाही. खाली खारेच आहे, त्यावर दुधावरच्या सायीसारखे गोडे पाणी बसलेले आहे. जोराने उपसले की खालचे खारे वर येते, म्हणून त्या विहिरीत कोणी कधी मोटर टाकली नाही, दोर-बादलीनेच पाणी काढले. आतल्या कोनाड्याखाली पाणी उतरले की ‘विहीर निजली’ म्हणायचे आणि दोर गुंडाळायचा. मग पाऊस येईस्तोवर घरटी पिण्यापुरती एक घागर. पाटील असो की मजूर, लग्नघर असो की मयतीचे, दुसरी घागर कोणाला मिळत नसे. पुढे येणाऱ्यांच्या तोंडचे आपण पिऊ नये, एवढेच त्यामागे होते.

२. योजनेसाठी पाणी शोधत आपल्या कार्यालयाचे पथक गावात आले, तेव्हा अर्जदाराच्या ओसरीवर बसले. आमच्याकडे घरची माणसे खारे पितील, पण पाहुण्याला गोडेच देतात. अर्जदाराची पत्नी तानुबाई हिने तांब्या भरून दिला. साहेबांनी दोनदा मागून घेतले आणि पाणी कुठले म्हणून विचारले. तानुबाईने मोठ्या तोऱ्यात हात करून विहीर दाखवली व म्हणाली, “आमच्या विहिरीचं व्हय साहेब. कितीबी प्या, सरत नाई.” झाले! अहवालात लिहिले गेले की, स्थानिकांच्या सांगण्यानुसार सदर स्रोत बारमाही व विपुल आहे. महोदय, पाहुण्याला ‘थोडेच आहे’ असे आमच्या वऱ्हाडात कोणी म्हणते काय? पाहुणा सरकारी आहे, त्याच्यापुढे हात राखून बोलावे, हे त्या बाईच्या ध्यानात आले नाही. तेव्हापासून ती ओसरीवर बसत नाही. कोणी आले तर आतूनच विचारते, कोण आहे म्हणून.

३. मोटर बसली, टाकी झाली, चार गावांना नळ गेले. सूनबाईच्या डोक्यावरची घागर उतरली, याचा अर्जदारालाही आनंदच आहे, तो खोटे बोलणार नाही. परंतु नळांना तोट्या राहिल्या नाहीत. गोडे पाणी नालीतून वाहते, त्यात म्हशी बसतात, पोरे फटफट्या धुतात. अर्जदार बोलला तर म्हणतात, “बुडा, तुह्या बापाचं पाणी हाय का?” तेच तर म्हणणे आहे. बापाचे नाही, नातवंडा-पणतवंडांचे आहे. पण ती भांडायला येऊ शकत नाहीत.

४. पहिल्या अर्जात लिहिले होते की विहिरीतले पाणी उतरत आहे, उपसा कमी करावा. कार्यालयातील संगणकात तक्रारीचे तीनच प्रकार निघाले : पाणी येत नाही, कमी येते, पाइप फुटला. संगणकावर बसलेल्या पोराने ‘कमी येते’ यावर बोट ठेवले आणि महिन्यात पहिलीपेक्षा मोठी मोटर आली. ग्रामसभेने अर्जदाराला शाल-नारळ देऊन त्याचा सत्कार केला. तो नको नको म्हणत होता, तर लोक म्हणाले, बुवा विनयशील आहे. दुसऱ्या अर्जाला उत्तर आले की, योजना आखताना तीस वर्षांनंतरची लोकसंख्या धरलेली आहे, भविष्याची चिंता नसावी. माणसे तीस वर्षांनंतरची धरली, पाणी मात्र आजचेच धरले. तिसऱ्या अर्जाचे उत्तर असे की, पाणी सध्या पिण्यायोग्य असल्याने तक्रार दखलपात्र नाही, खारे झाल्यावर अर्ज करावा. खारे झाल्यावर अर्ज कशाला, महोदय? मेल्यावर का कोणी दवाखान्यात नेते?

५. अर्जदाराची नात गीतांजली बडनेऱ्याला दिली आहे. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली आहे. तिचे वडील, म्हणजे अर्जदाराचा मुलगा, सारी उमर वावरातले खारे पाणी प्याले. शेवटी अकोल्याला जाऊन यंत्रावर रक्त धुऊन घेत होते, त्यातच गेले. पाण्यानेच झाले असे डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत. अर्जदारही सांगत नाही. पण गेल्या आठवड्यात गोड्या विहिरीच्या पाण्याचा चहा फाटला. तानुबाईने तो मोरीत ओतला, दुसरा ठेवला, तोही फाटला. गीतांजली पोटावर हात ठेवून नुसती पाहत होती.

६. त्याच दिवशी अर्जदार आपल्या कार्यालयात आला होता. खिडकीवरच्या बाबूंनी त्रासून विचारले, “बाबाजी, तुमाले पाणी पायजे का नाई पायजे, ते एकदा नक्की सांगा.” अर्जदार म्हणाला, “मले पायजे. पन जे पोटात हाय, त्यालेबी पायजे.” बाबूंनी त्या दुसऱ्या लाभार्थ्याचे नाव व आधार क्रमांक विचारला. नाव अजून ठेवायचे आहे. पोरगी की पोरगा तेही ठाऊक नाही, आणि विचारायला कायद्याने बंदी आहे. सबब रकाना कोरा राहिला व त्या दिवशी आणलेला अर्ज नोंद न होताच परत मिळाला.

७. तरी विनंती की, मोटर काढून न्यावी. ते होणे नसल्यास जुनी लहान मोटर द्यावी. तेही होणे नसल्यास पाणी कोनाड्याखाली उतरले की ती बंद करण्याचा हुकूम द्यावा. यातले काहीच होणार नाही, हे अर्जदाराला उमगले आहे. चार गावांचे चालते नळ कोण बंद करील? कोणी केलेच, तर त्याच गावांतल्या बाया घागरी घेऊन अर्जदाराच्या दारात येतील, आणि त्यांना काय सांगावे हे त्यालाही माहीत नाही.

म्हणून शेवटची एकच विनंती. बाबूंनी सांगितले की असे अर्ज ‘ड’ वर्गात जातात आणि वर्ष झाले की नष्ट करतात. वर्षभरात गीतांजलीच्या लेकराला धड बोलताही येणार नाही. हा अर्ज मंजूर करू नका, हरकत नाही. पण ‘अ’ वर्गात, कायमच्या कागदांत ठेवा. ते लेकरू मोठे होऊन कधी तुमच्या खिडकीवर येईल आणि विचारील की पाणी खारे होत होते तेव्हा गावात कोणीच काही बोलले नाही का? तेव्हा जो कोणी खुर्चीवर असेल, त्याने त्याला हा कागद वाचून दाखवावा.

अजून तरी आपला नम्र,

(निशाणी अंगठा)
चंद्रभान तुळशीराम गावंडे
मु. पिंपळखारी
दिनांक : ९ जून २०२५