वाफ सोडण्यापूर्वी

नाना, माझे नाव तुम्हांस ठाऊक आहे, म्हणून येथे लिहीत नाही. वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी उत्तीर्ण, अमळनेरकडच्या तेलगिरणीत प्रथम तुमचा मदतनीस, तुमच्या पश्चात मुख्य मिस्त्री, हल्ली निवृत्त, मुक्काम देवपूर, धुळे. घडले तेवढेच लिहितो.

सरकी शिजवण्याचे मोठे लोखंडी भांडे माणसाने आत उतरून खरवडावे लागे. एकदा मी न विचारता वाफेच्या चाकाला हात घातला आणि तुम्ही माझे मनगट धरलेत. "आत कोन शे, देखं का?" आत आपलाच एक माणूस वाकून बसलेला होता. तेव्हापासून पद्धत पडली. चाकावरचा माणूस ओरडतो, "नाना, सोडू का?" स्टुलावर बसलेले तुम्ही एकेक तोंड डोळ्यांनी टिपता आणि मग म्हणता, "सोड." तुम्ही वारल्यावरही माणसे त्या रिकाम्या स्टुलालाच विचारीत राहिली. मुख्य मिस्त्री होऊनही मी त्यावर बसलो नाही. शेजारी उभा राहून तोंडे मी पाहत असे. विचारणा मात्र तुम्हांसच होई. श्वासभर सारे थांबत, मग चाक फिरे.

धुळ्याच्या नव्या कारखान्यात शेठने पहिल्या दिवसापासून सर्व काम बटणांच्या पॅनेलवर चालवले. जुन्या गिरणीसाठी आणलेले पॅनेल प्लास्टिकमध्ये गुंडाळून पडले. दसऱ्याला त्यास झेंडूची माळ घालीत, जोडीत कोणी नसे. शेठ खर्चाला भीत नव्हते, कामगारांनाही नव्हते. एकदा मला म्हणाले, "मिस्त्री, धुळ्याला कोणाला विचारायची सवयच नव्हती. इथं आहे. उद्या काही झालं, तर मी कोणाच्या तोंडाकडे पाहू?"

अखेर गेल्या महिन्यात जुन्या गिरणीतले पॅनेल जोडले. चाचणीस मला मुद्दाम बोलावले. भर दुपार होती, मी त्या रिकाम्या स्टुलाशेजारी उभा होतो. बॉयलरवाला सवयीने ओरडला, "नाना, सोडू का?"

पॅनेल जोडणारा इंजिनिअर हसला. "काका, याला मयताची परवानगी लागत नाही."

"तुले कोनी इचारं, भाऊ?" बॉयलरवाला म्हणाला.

इंजिनिअरने कळ दाबली. पडद्यावरचे आकडे चढू लागले.

"थांब."

बॉयलरवाल्याने झेप घेऊन लाल बटण दाबले. झाकण उघडले. भांडे रिकामे होते. आठवडाभर त्यात कोणी उतरले नव्हते. परंतु तळाच्या वाळलेल्या थरात, माणूस वाकून बसेल एवढी जागा ताजी खरवडलेली होती. इंजिनिअरने दोनदा बॅटरी मारून पाहिले. शेठने पॅनेलची तार काढावयास सांगितली.

नंतर शेठने मला शाल आणि नारळ दिला. "मिस्त्री, तुमचा आवाज अजून खणखणीत आहे." मी शाल घेतली. नाना, माझे तोंड त्या वेळी मिटलेले होते.

समक्ष हजर: शेठ, इंजिनिअर, बॉयलरवाला. चौथे नाव लिहिण्यास हात धजावत नाही. त्यावाचून हे कागद अपुरे आहेत, म्हणून कोणासही दाखवीत नाही.