परदेशी धरणग्रस्त

निमगाव केतकी,
ता. इंदापूर

आमचे जावईबापू यशराजराव यांस जोतीरामाचा नमस्कार (वयानं आशीर्वाद द्यायला पाहिजे, पण जावयाला आशीर्वाद दिला की तुमच्या सासूबाईंना, कुशाबाईला, तो आगाऊपणा वाटतो, तुम्ही दोन्ही धरून चाला). आमच्या लेकीचा, राजनंदिनीचा खोकला गेला का? इंग्लंडात ऊन पडलं का? आम्ही इकडं बरे आहोत. फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल. आमच्या घरात फोन स्पीकरवरच चालतो आणि हलिनाबाईंना आता मराठी बरंच कळतं.

तुमचा मेहुणा विशाल युक्रेनात डॉक्टरकी शिकत होता, तेव्हाच्या ह्या त्याच्या घरमालकीण. लढाई पेटल्यावर त्यांनी आपल्या पोराला तळघरात सांभाळलं, स्वतःच्या ताटातलं खाऊ घातलं आणि सरहद्दीकडं जाणाऱ्या गाडीत बसवून दिलं. पुढं त्यांचा एकुलता एक मुलगा लढाईत गेला, मग नदीवरचं धरण फुटून घरही गेलं. विशालनं हट्टानं त्यांना आपल्याकडं आणलं. (गाव म्हणतं, जी नावानंच हलेना, तिला सरकार काय हलवणार!)

पहिल्याच आठवड्यात माझी अक्कल चालली. पाहुणा आला की आपण उजनी धरणाचं पाणी दाखवायला नेतो, तसं त्यांनाही नेलं. इतर पाहुणे फ्लेमिंगोंचे फोटो काढतात. या बाईंनी पाणी पाहिलं आणि जीपची दांडी घट्ट धरली, खरंच हलेनात. मी आपला पक्ष्यांची नावं सांगतोय (जी मलाही येत नाहीत). शेवटी कुशाबाईनं मला गप्प केलं, त्यांच्याशेजारी जाऊन बसली आणि पाण्याकडं बोट करून म्हणाली, "आमचं बी घर तितंच हाय, बाई." तेव्हा त्यांना भाषा कळत नव्हती, पण बोट कळलं. दोघी रडल्या. मी उगाच बॉनेट उघडून बघत उभा राहिलो.

तिथून माझ्या डोक्यात शिरलं की ह्या आपल्यातल्याच, धरणग्रस्त! मग त्यांना इथंच ठेवता यावं म्हणून दाखला काढायला कचेरीत गेलो. तिथले कारकून आप्पासाहेब, भला माणूस. भूकंपग्रस्त, पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त सगळे त्यांच्याकडं आहेत, युद्धग्रस्त तेवढे नाहीत. धरणग्रस्त म्हटल्यावर त्यांनी चष्मा लावून तालुका विचारला. मी बाईंचं युक्रेनातलं खेरसोन सांगितलं. बराच विचार करून म्हणाले, "त्ये सोलापूरकडं येतंय. हितं न्हाय हुयाचं." मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. पुण्यात परदेशी लोकांचे कागद बघणाऱ्या साहेबांनी चहा पाजला आणि सांगितलं, व्हिसा पाहुण्याचा आहे, दसऱ्याला संपतो, आता वाढेलसं दिसत नाही. निर्वासित म्हणून ठेवून घ्यायची आपल्याकडं सोय नाही.

विशालनं बाहेरची चौकशी केली. पोलंड, जर्मनीत युक्रेनच्या लोकांना राहायची परवानगी मिळते, दवाखाना मिळतो, खर्चाला मदतही मिळते. पण सत्तरीची एकटी बाई तिथं उतरून कुणाचं दार वाजवणार? तुमच्या इंग्लंडात वेगळं आहे म्हणे. तिथल्या कुणी निदान सहा महिने घरात जागा देतो म्हटलं, तर व्हिसाचा अर्ज करता येतो. सहज कानावर आलं म्हणून लिहिलं, दुसरं काही नाही. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायचाच असेल तर खालचं वाचा.

तुमचा सासरा,
जोतीराम

ता. क. जावयाकडं काही मागू नये, हे मला कळतं. तरी मागतो. आम्ही दिवाळीला येणार म्हणून तुम्ही वरची खोली रंगवून ठेवलीय, ती हलिनाबाईंना द्या. आमचं येणं राहू द्या. हे कुशाबाईनंच सुचवलं. नातवाचं तोंड तिनं अजून फोनवरच पाहिलंय. त्याच्यासाठी शिवलेलं दुपटं तिनं हलिनाबाईंच्या पिशवीत भरलं.

ता. क. आणखी एक. पाकीट चिकटवायच्या आत कुशाबाईनं हलिनाबाईंना सगळं सांगून टाकलं. त्या रडल्या नाहीत, नको म्हणाल्या नाहीत. एवढंच विचारलं, तेही आमच्याच बोलीत: "तितं वरच्या अंगाला धरण हाय का?" तेवढं कळवा. असलं, तरी नाही म्हणूनच कळवा.