चर्चमध्ये मिस्सा चालू असताना उचललेलं घर

फिडेलिनो,

रविवार, १३ ऑक्टोबर, सकाळी सव्वासात. मी चर्चमध्ये गुडघे टेकून बसले होते, आणि तू गावकऱ्यांना जमवून माझं बांबूचं घर खांद्यांवरून नेत होतास. परत आले तर नदीकाठी खांबांखालचे नुसते दगड. शेजारची लोर्ना म्हणाली, "बाई, घर टेकडीवर गेलंय. कोंबडीसकट." सिस्टरांच्या शाळेत शिकलेली बाई रस्त्यात ओरडत नाही, म्हणून मी तशीच टेकडी चढले.

नदी काठ खाते हे मलाही दिसत होतं. तू सिमेंटचं घर देत होतास, तेव्हा मीच ऐकवलं होतं, "बांबूचंच बरं. गार राहतं, आणि वेळ पडली तर शेजारी उचलून नेतात." माझंच बोलणं तू माझ्यावर उलटवलंस.

पण माझा राग वेगळाच आहे. घर उचलणाऱ्यांना त्या घरच्या बाईने जेवू घालायचं असतं. माझी माणसं लोर्नाकडे जेवली, आणि तू मला घाबरून मनिलाची बस पकडलीस. पुढच्या रविवारी मी सगळ्यांना नव्या अंगणात भात-मासे वाढले. म्हातारा इस्को म्हणाला, "बाई, घर उचलताना पुढच्या बांबूला तुमचा भाऊ होता. त्याचं ताट तेवढं राहिलं."

बुधवारी नदीने ते दगडही नेले. इथे वारा छान येतो. हे तुला कळायला नको, म्हणून हे पत्र पेटीत टाकणार नाही.

तरीही ३० नोव्हेंबरच्या आत लेखी कळव, कोणत्या रविवारी जेवायला येतोस.

तुझी ताई,
रेमेदियोस