शनिवारी सांगायची गोष्ट

गुरुजी, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली. जे तेव्हाच कळवायला हवं होतं, ते आज लिहायला बसले आहे. आपल्या कोरीट गावची मुलगी वर्षभर जर्मनीतल्या बालसाहित्य केंद्रात अभ्यासाला निघाली म्हणून तुम्ही नंदुरबार स्टेशनावर आला होतात. अर्जात मी लिहिलं होतं की आईकडून ऐकलेल्या अहिराणी गोष्टी मला पाठ आहेत. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते, पुढे पुण्याच्या बोर्डिंगात वाढले. तुम्हाला हे सगळं माहीत होतं. अर्ज वाचून तुम्ही चष्मा पुसलात आणि कागद घडी करून परत दिलात.

केंद्रात दर शनिवारी एक पाहुणा अभ्यासक मुलांना आपल्या घरच्या बोलीत गोष्ट सांगायचा. अर्थ कळला नाही तरी भाषा कानावर पडावी, एवढाच हेतू. ती टेपवर नोंदवून ठेवत. दुसऱ्याच आठवड्यात माझी पाळी आली. वीस-पंचवीस मुलं समोर बसली आहेत, वयस्क संचालिकाबाई टेपचं बटण दाबतात, आणि माझ्या तोंडून 'एक व्हती' एवढंच निघतं. पुढे काही नाही. टेप नुसतीच फिरत राहते. बाई हळूच म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात सांगा." त्या इतक्या चांगल्या होत्या की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मला अन्न जाईना. कपाटांतून जगभरची पुस्तकं, आणि मी त्यांच्यामध्ये एक खोटारडी बाई. परतीचं तिकीट लवकरचं मिळेल का, हे मी दोनदा जाऊन विचारून आले. पहिलीतली ती सकाळ सारखी आठवायची. "गुरुजी, मन्ही पाटी फुटी गयी," मी रडत म्हणाले होते, आणि तुम्ही हातावर पट्टी मारलीत. "मन्ही नाही, माझी. शाळेत शुद्ध बोल." त्याच संध्याकाळी तुमच्या ओट्यावरून मी ऐकलं होतं, तुम्ही आपल्या म्हाताऱ्या आईला विचारत होतात, "माय, जेवन करी लिधं का?" तेव्हाचा सगळा राग काढून मी तुम्हाला पत्र लिहिलं. माझी बोली तुम्ही काढून घेतलीत, आता मला इथून सोडवा.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. तुमच्या वळणदार अक्षरात चार पानं, सगळी अहिराणीत. 'पोर, मन्ही चूक व्हयनी. तू तठे एकटी शे, रडू नको.' आणि खाली तुमच्या आईनं तुम्हाला सांगितलेली गोष्ट. एक व्हती बकरी, ती तापी मायले बोलनी, माले त्या काठले जाऊ दे. त्या शनिवारी मी ती वाचून दाखवली. मुलं बकरीच्या आवाजाला खदखदून हसली. बाईंनी टेपवर चिठ्ठी लावली, 'आईकडून ऐकलेली', आणि मी ती लावू दिली.

तुम्हाला उत्तर उद्या लिहू, परवा लिहू म्हणत राहिले. पावसाळ्यात तुम्ही गेलात. परत आल्यावर तुमच्या घरी गेले तर काकूंनी पाणी दिलं आणि विचारलं, "त्यासनं पत्र भेटनं व्हतं का वं तुले? शेवटपावत वाट दखी ऱ्हायंतात."

मी म्हणाले, "नाही, काकू. भेटलं नाही."